नदी उशाला, ज्वारी कोरडवाहू (भीमाकाठच्या गावांची जुनी पोटं)

भीमथडी | ४ जानेवारी, रात्री १०:४२

मागच्या आठवड्यात पुण्याच्या एका मित्राला हुरड्याला गावाकडं नेलं. पुलावर गाडी थांबवली. खाली भीमा भरलेली, दोन्ही काठांना ऊस, दरडीवरून खाली उतरलेल्या मोटारींच्या पाइपांची रांग. तो म्हणाला, "तुमचं बरंय बाबा, नदीकाठचं गाव. पिढ्यान्‌पिढ्यांचे बागायतदार." मी हसून सोडून दिलं, पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या आजोबांनी आयुष्यात उसाला एक पाळी पाणी दिलेलं नाही. त्यांची जमीन नदीपासून तीन शेतं सोडून होती आणि ती मरेपर्यंत कोरडवाहू राहिली. म्हणून हा धागा.

गाव मंगळवेढा तालुक्यातलं, भीमेच्या दक्षिण काठाचं, माचणूरपासून फार लांब नाही. नाव देत नाही, भावकीतले दोघेतिघे इथं आहेत आणि त्यांना निमित्तच हवं असतं.

आमच्या गावानं नदीकडं पाठ केलेली आहे, हे मला फार उशिरा कळलं. पांढर म्हणजे गावठाण उंचावर, वेस शिवाराच्या बाजूला, मारुती वेशीत. नदीच्या अंगाला कोळ्यांची आठ-दहा घरं, परटाचे दगड आणि स्मशान, बस्स. दरड पस्तीस-चाळीस फूट खोल. मोट विहिरीवर चालते. एवढ्या दरडीवरून पाणी वर ओढून पुन्हा शिवारात पाटानं न्यायचं म्हणजे बैलांचा जीव गेला असता. आणि ओढायला पाणी तरी कुठं होतं? माघ सरला की धार तुटायची. उरायचे ते डोह, आणि मध्ये कोस-कोस वाळू. धरणाआधीची भीमा म्हणजे पावसाळ्यात अंगावर येणारी आणि उन्हाळ्यात तोंड लपवणारी नदी.

मग पोट कशावर होतं? काळीवर. जिल्ह्याचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा भाद्रपद-आश्विनात. त्यामुळं भारी काळी जमीन खरिपात कोणी पेरायचंच नाही. उन्हाळ्यात भेगा पडायच्या, पोराचा पाय मांडीपर्यंत आत जाईल अशा. मृगाचं, आर्द्राचं पाणी त्या भेगांतून आत मुरायचं. तण उगवलं की कुळवाची पाळी, पुन्हा पाऊस, पुन्हा पाळी. उत्तरा-हस्ताच्या सुमाराला वाफसा बघून चाड्यावर मूठ. त्यानंतर पाऊस आला तर देवाची कृपा, नाही आला तरी चालायचं. जमिनीच्या पोटातल्या ओलीवर ज्वारी पुरुषभर वाढायची. आजोबा म्हणायचे, "जवारी पाण्यावर येत न्हाई, थंडीवर येती." हलक्या मुरमाड रानात बाजरी, तूर, मटकी, हुलगा. ज्वारीच्या कडेनं करडईच्या चार ओळी. तिचे काटे जनावराला आत शिरू देत नाहीत आणि वर्षाचं तेलही निघतं.

बियाणं मालदांडी. आता पाकिटावर 'एम ३५-१' लिहिलेलं असतं ते हेच. स्थानिक मालदांडीतून निवडून निवडून ब्रिटिशांच्या काळात मोहोळच्या केंद्रावर ते वाण काढलं. म्हणजे आमच्या काठावरून होडीनं पलीकडं गेलं की एका दिवसाच्या चालीवर. पुढं कितीतरी सुधारित वाणं आली, पण भाकरीसाठी गडी अजून मालदांडीच मागतो. २०१६ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले, आणि पेढे वाटणाऱ्या तिघांच्या रानात ऊस उभा होता. त्यांना मी दोष देत नाही. काढणीला माणूस मिळत नाही, आणि ज्वारी उपटायचं काम ज्यानं एक दिवस केलंय त्याला ते का मिळत नाही हेही कळतं. कंबर जाते आणि तळहाताला फोड येतात.

नदीवर पोट असणारेही होते, पण थोडे. एक कोळी. दुसरे मळईवाले, आणि हे माझ्या आठवणीतलं आहे. दिवाळीनंतर पाणी आटून वाळूचे पट्टे उघडे पडायचे, ती मळई. ज्यांना जमीन नाही किंवा अर्धा-एक एकर आहे असे लोक तिथं ओळीनं खड्डे घ्यायचे, हातभर खाली ओल लागेपर्यंत. तळाला मेंढ्यांची लेंडी, वर गाळ, त्यात कलिंगडाच्या, काकडीच्या, चिबडाच्या बिया. वारं लागू नये म्हणून खड्ड्याच्या पश्चिमेला तुरकाट्यांचा आडोसा. सुरवातीला घागरीनं पाणी घालायचं, मग मूळ आपोआप ओल गाठतं. पहिली कलिंगडं चैत्री वारीला पंढरपूरच्या वाळवंटात विकायला जायची, गाढवावर लादून.

१९८०ला उजनी धरण पुरं झालं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पुढच्या काही उन्हाळ्यांत एकदा असं झालं की मळई ऐन भरात, कलिंगडं नारळाएवढी, आणि रात्रीत वरून पाणी सोडलं. सकाळी दरडीवर उभं राहून बघितलं तर काकड्यांचे वेल पाण्यावर तरंगत होते आणि मळईवाली म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून तुरकाट्या गोळा करत होती. जळणाला होतील म्हणून. त्यानंतर गावात मळई कोणी केली नाही. त्याच पाण्यावर दरडीवर पहिली मोटार बसली, आणि ती आमच्या चुलत्याची होती.

तुमच्या गावांचं लिहा. ऐकीव नको, बघितलेलं किंवा घरात बोललं गेलेलं.

शेंगाचटणी | ४ जानेवारी, रात्री ११:१५

वाचतोय. गाडी पुलावर थांबवून फोटो काढणारा तो पुण्याचा मित्र मीच, हे सगळ्यांच्या माहितीसाठी. 😀

एक विचारायचं राहिलं. तुझ्या काकू अंगणातल्या एका दगडाकडं बोट दाखवून "हितं पेव हाय" म्हणाल्या. पेव फुटणे एवढंच माहीत आहे. प्रत्यक्षात असतं कसं?

भीमथडी | ५ जानेवारी, सकाळी ७:०५

चल, उघडं पाडलंस ते बरं केलंस.

पेव म्हणजे जमिनीतली कणगी. तोंड एक माणूस जेमतेम आत उतरेल एवढं, आणि खाली घागरीसारखं फुगत गेलेलं. पेव रानात काळीत घेत नाहीत, ओल धरते. गावठाणातल्या पांढरीत, खाली मुरूम लागेल अशा उंचवट्यावर घेतात. भरण्याआधी आत पाचट-काडी पेटवून भिंती शेकायच्या, मग शेणामातीनं सारवायच्या. सुकल्यावर तळाला आणि कडेनं कडब्याचा थर, मग ज्वारी ओतायची, एकजण आत उभा राहून पायानं दाबत जाणार. वर पुन्हा कडबा, माती, आणि तोंडावर चिरा. त्यावरून बैलगाडी गेली तरी कळत नाही. परक्या माणसाला सापडू नये हाही हेतू होताच. आमच्या शेजारी माचणूरला, तेव्हाच्या ब्रह्मपुरीला, औरंगजेब १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं छावणी ठोकून होता. एवढ्या फौजेच्या तोंडाला लागणारं धान्य आणि जनावरांची वैरण आसपासच्या शिवारांतूनच गेली असणार. तेव्हाच्या माणसानं पेवाच्या तोंडावर चूल मांडली असेल तर नवल नाही.

उघडायची रीत महत्त्वाची. चिरा काढून दिवसभर तसंच ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही. आत हवा मेलेली असते. घाईनं उतरलेली माणसं गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. ज्वारी दोन-तीन वर्षं सहज राहायची. कडेची थोडी काळी पडायची आणि भाकरीला एक उबट वास यायचा. आजीला तोच आवडायचा, मला नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांना खुली केली ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी चित्रात पोती दाखवलेली बघितली की आजोबा चिडायचे. म्हणायचे, "पोती कुठली, पेवं उघडली आसतील."

डोहकर | ५ जानेवारी, दुपारी १:३०

"कोळ्यांची आठ-दहा घरं, परटाचे दगड आणि स्मशान, बस्स." राग नाही मानत, पण त्या 'बस्स'मध्ये माझं अख्खं खानदान बसलंय. 🙂 मी पलीकडच्या काठाचा, मोहोळ तालुक्यातला.

मंगळवेढा १९४८पर्यंत सांगली संस्थानात होतं, पटवर्धनांच्या. आमचा काठ इंग्रजी. म्हणजे माझा पणजोबा रोज दहा वेळा सरहद्द ओलांडायचा. होडीचं बलुतं दोन्ही गावांकडून. तुमच्याकडची सुगी झाली की खळ्यावर जाऊन सुपानं ज्वारी घ्यायची, आमच्याकडंही तेच. रोकड फक्त परगावच्या माणसाकडून, वारकऱ्याकडून तीही नाही. सोयरीक दोन्ही काठांवर असल्यामुळं लग्नसराईत होडी नवरदेवालाच जास्त लागायची.

होडी सगळीकडं होती असं नाही. उतार होता तिथं माणसं चालत जायची. उतार कुठं आहे हे दर वर्षी पुरानंतर बदलायचं, ते आधी आमच्या लोकांना कळायचं. काठीनं तळ बघून, वाळू की गाळ, भोवरा आहे का, मग तिथं काठावर बाभळीची फांदी रोवायची. फांदी दिसली की गाडीवान बैल घालणार. पूर उतरता असताना दोन वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाखाली घेऊन पोहत जायचं. टपाल, औषध, सांगावा असाच पलीकडं गेलाय. आणि फारच नड असली, बाळंतीण वगैरे, तर गुऱ्हाळाची काहील, रस उकळायची मोठी कढई. तिच्यात चार माणसं बसतात, पण ती गरगर फिरते. दोघांनी दोन बाजूंना धरून पोहावं लागतं. माझ्या आत्याला असंच नेलं होतं. ती अजून सांगते की आभाळ फिरत होतं.

मासे. वाम, मरळ आणि शिंगटा, डोहातले. डोहांची वाटणी घरांत ठरलेली होती आणि ती कागदावर कुठं नव्हती. उन्हाळ्यात सगळ्यात खोल डोहात जाळं टाकायचं नाही असं वडील सांगायचे. देवाचा डोह म्हणून. बी राहावं म्हणून असं आता मी म्हणतो. आता चिलापीच चिलापी. पूल झाला तेव्हा होडी गेली, वाळू गेली तेव्हा डोह गेले. वाळूच्या गाड्या कोणाच्या होत्या ते इथं नको.

शेंगाचटणी | ५ जानेवारी, दुपारी १:५२

आभाळ फिरत होतं... 🙏

जलाशयाखाली | ५ जानेवारी, रात्री ९:१०

भीमथडी, तुमची मोटार ज्या पाण्यावर बसली ते पाणी आमच्या अंगणात उभं आहे, म्हणून लिहितो. करमाळा तालुका, भीमेचाच काठ, तुमच्यापेक्षा बराच वरचा.

उजनीत एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) धरतात आणि त्यातला ६३ हून जास्त मृत, म्हणजे तळाचा, टक्क्यांत न धरलेला. पेपरात उणे टक्के छापून येतात तेव्हा लोक घाबरतात, आम्ही मात्र आतुरतेनं वाट बघतो. कारण उणे झालं की जुनं गाव वर येतं. पळसदेवचं देऊळ वर आलं की टीव्हीवाले येतात. आमच्या गावाला देऊळ दगडी नव्हतं, त्यामुळं आमच्याकडं कोणी येत नाही. फक्त आडाचं गोल कडं, जात्याची एक पाळू आणि वाड्याच्या पायाच्या रेघा. वडील होते तोवर तिथं जाऊन 'ही पडवी, हे न्हाणीघर' असं पायानं दाखवायचे. मोठ्या भावानं एकदा फोटो काढला, तर चिखलात वडील एकटेच उभे, बाकी काहीच दिसत नाही.

तुम्ही म्हणता नदीकाठचं गाव गरीब होतं. आमचं तसं नव्हतं. आमच्याकडं दरड ठेंगणी होती, विहिरींना पाणी वर होतं. मोटेवर मिरची, कांदा, थोडा ऊस आणि गुऱ्हाळ. पहाटे मोट सुरू झाली की चाकाच्या कुईकुईवरून कोणाची विहीर ते सांगता यायचं. त्यामुळं सगळा भीमाकाठ एका मापात घालू नका. दरडीची उंची बघा, माणसाची ऐपत त्यावर ठरत होती.

उठवल्यावर जमीन मिळाली ती लांब, लाभक्षेत्रात, ज्यांच्या गावात मिळाली त्यांना आम्ही नकोसे. आता पाणी मागं सरलं की गाळपेर करतो. आमचीच जमीन, पण हंगामापुरती, पाटबंधारेकडून मागून घ्यायची. गाळात काहीही पेरा, येतं. भाऊ म्हणतो, वाडवडिलांनी इतकं पीक कधी बघितलं नव्हतं. ते खरंही आहे.

भीमथडी | ५ जानेवारी, रात्री ९:४८

दरडीच्या उंचीचा मुद्दा मान्य. माझ्या डोक्यात माझाच काठ होता. लिहीत राहा.

वेशीबाहेर | ६ जानेवारी, सकाळी ८:२०

धागा चांगला चाललाय, म्हणून थोडं मीठ टाकतो.

'खळ्यावर जाऊन सुपानं ज्वारी घ्यायची.' कोळ्याला सुपानं मिळत असेल. आम्हाला खळं उचलल्यावर खाली राहिलेली मातीमिश्रित मातेरं-ज्वारी आणि मोजून पेंढ्या. ती माती वारून, धुऊन आजी भाकरी करायची, दातांत खडा यायचा. त्याबदल्यात काम काय तर गावाची राखण, सांगावे, सरकारी माणसाचं सामान डोक्यावर, मेलेलं जनावर ओढणं, लाकडं फोडणं. त्याला वतन म्हणायचे. १९२८ला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणलं, आणि वतन प्रत्यक्षात गेलं १९५८च्या कायद्यानं. आमच्या गावात त्याआधीच तरण्या पोरांनी जनावर ओढायचं बंद केलं होतं, तर एक वर्ष खळ्यावरून काहीच मिळालं नाही. ते वर्ष आजोबांनी सोलापुरात हमाली करून काढलं.

आणि नदी. नदी सगळ्यांची, असं तुम्ही सहज लिहाल. आमचा पाणवठा खालच्या अंगाला, परटाच्या दगडाच्याही खाली. वरची धुणी, वरची जनावरं, त्याखालून वाहत आलेलं आम्ही भरायचं. डोहाचं पाणी असतं तेव्हा खालचं-वरचं कसं ठरवायचं? तर डोहच वेगळा. तोही लहान, लवकर आटणारा.

चोखोबा याच मंगळवेढ्यात गेले, १३३८ साली, गावकुसाचं काम चालू असताना कूस अंगावर पडून. ज्या कुसाच्या आत राहायला मिळत नव्हतं ते बांधताना. 'पारंपरिक व्यवसाय' म्हणून यादी कराल तेव्हा हाही त्यात घाला.

डोहकर | ६ जानेवारी, सकाळी ९:०२

खरं आहे. आमच्या होडीतही तुमच्या माणसांना शेवटच्या खेपेला घ्यायचे, हे वडिलांनी सांगितलंय. वर मी ते लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

भीमथडी | ६ जानेवारी, सकाळी ९:३०

पाणवठ्याचं मी बघितलंय. मी लिहिताना 'परटाचे दगड' म्हणून थांबलो, त्याच्या खाली बघितलंच नाही. चूक माझी.

माहेरवाशीण | ६ जानेवारी, दुपारी ३:४०

पुरुष मंडळींनी नांगर, होडी, पेव सगळं लिहिलं. पाणी कोण भरत होतं?

माझं माहेर पंढरपूरच्या खालच्या अंगाला, भीमेकाठी. चैत्र-वैशाखात डोहाचं पाणी हिरवं व्हायचं, ते जनावरांना. प्यायला झिरा. कोरड्या वाळूत गुडघाभर खणायचं, मग बसून राहायचं. वाळूतून पाणी असं पाझरतं की आधी फक्त रंग बदलतो, मग चकाकतं, मग करवंटीत येईल एवढं साठतं. पहिल्या दहा करवंट्या गढूळ म्हणून फेकायच्या. नंतरचं पाणी काचेसारखं आणि गार. फडकं लावून घागर भरायला अर्धा-पाऊण तास. दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर, आणि ती चाळीस फुटांची दरड चढायची, जिच्यावरून बैलांना पाणी ओढता येत नव्हतं म्हणता. 😊 बैलांना नव्हतं येत, आम्हाला येत होतं.

झिरा ज्या बाईनं खणला तिचा. ती भरून गेली की दुसरीनं घ्यायचा, पण तिला विचारून. भांडणं व्हायची, आणि सगळ्या गावाच्या बातम्या तिथंच कळायच्या. माझ्या आईचं लग्न तिथंच ठरलं, झिऱ्यावर बसलेल्या दोन बायकांत.

काढणीलाही तसंच. उपटणं पुरुषांबरोबर पातीला पात लावून, आणि संध्याकाळी घरी जाऊन दळण. १९७२ला तेही गेलं, रानात काहीच नव्हतं. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती, मी तिथं सुकडी खाल्लेली आहे. तांबडी मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची, तिची भाकरी थापताना तुटते. आई म्हणायची, "मालदांडीची सवय लागलेला हात हाय, हिला काय कळतंय."

सीनाकाठ | ६ जानेवारी, रात्री १०:३०

भीमा-भीमा चाललंय, जरा सीनेकडंही बघा की बे. दक्षिण सोलापूर, संगमाच्या जवळचं गाव.

सीना भीमेला मिळते ते हत्तरसंग कुडलला. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी लेख आहे. 'वाछितो विजेया होइवा', वाचील तो विजयी होईल. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो वाचला आणि प्रकाशात आणला. गंमत बघा, आमच्या घरात अर्धं कन्नड चालतं, शेतात तर पूर्णच, आणि जुन्यातला जुना मराठी लेख आमच्या पायरीशी. शाळेत मास्तर "मराठीत बोला" म्हणून मारायचे तेव्हा हे माहीत असतं तर उत्तर दिलं असतं.

आमच्याकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, मोठी. गेल्या महिन्यातच झाली. ज्वारी निसवलेली असते, तिच्यातच कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून, आंबिलाची मडकी, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. घरचा कर्ता आंबील शिंपडत रानाला फेरी मारतो. ज्याला शेत नाही तोही दुसऱ्याच्या शेतात हक्कानं जेवतो.

या वेळी मात्र आमची कोप बांधावर झाली. सप्टेंबर २०२५ला सीना जी आली, ती रानावरची माती घेऊन गेली. दुष्काळी तालुका म्हणून आमची नोंद आणि घरात छातीएवढं पाणी. सात-आठ इंच काळी माती खरवडून गेलीय, खाली पिवळा चुनखड उघडा पडलाय. भीमथडी, तुम्ही लिहिलंत ना, ज्वारी जमिनीच्या पोटातल्या ओलीवर येते. पोटच गेलं तर काय? म्हातारी म्हणते, खतासाठी रानात मेंढरं बसवा. तीन हंगाम बसवली की रान परत येतं. धनगराला विचारलं तर त्याच्या मेंढ्यांचा नंबर शिवरात्रीपर्यंत लागलेला.

जुनी गिरणी | ७ जानेवारी, दुपारी १२:१०

थोडंसं शहराकडून. १८७६-७७चा मोठा दुष्काळ, आणि १८७७लाच सोलापुरात जुनी गिरणी चालू झाली. रेल्वे १८६०पासूनच होती. आमचे खापरपणजोबा भीमाकाठाहून तेव्हाच आले अशी घरातली समजूत. चार पिढ्या साचेखात्यात. पण माझ्या आजोबांपर्यंत सुगीला रजा टाकून गावी काढणीला जायची पद्धत होती, जमीन भाऊबंदांकडं असूनही. परत येताना एक पोतं मालदांडी आणि अंगाला ज्वारीची कूस. ती खाज आठ दिवस जायची नाही, आणि चाळीतली सगळी पोरं त्यांच्या हाताला हात लावून बघायची.

शेंगाचटणी | ७ जानेवारी, दुपारी १२:२५

उसाबद्दल कोणीच बोलत नाहीये. जिल्ह्यात तीसच्या वर कारखाने आहेत म्हणे.

जलाशयाखाली | ७ जानेवारी, दुपारी १:००

त्याचा वेगळा धागा काढा. तो सुरू झाला की हा संपतो.

भीमथडी | ११ जानेवारी, रात्री ९:१५

आज गावी जाऊन आलो. माहेरवाशीण ताई, तुमचा झिरा डोक्यात होता म्हणून आधी दरड उतरलो. पाणी बंधाऱ्यामुळं तुंबलेलं, वाळू नावाला नाही. काकूला विचारलं, तिला झिऱ्याची जागा आठवते, पण ती आता वीसेक फूट पाण्याखाली आहे. "माझा झिरा वडाच्या समोर हुता, तुझ्या आईचा त्याच्या वर," म्हणाली. आईचा स्वतःचा झिरा होता हे मला आज कळलं.

वेशीबाहेर, तुमच्या पाणवठ्याचंही विचारलं. काकू आधी गप्प बसली. मग म्हणाली, "हुता की. वैशाखात त्यो आटला की त्या बाया आमच्या डोहापाशी येऊन हुभ्या ऱ्हायच्या. कुणीतरी वाढंल म्हणून." कोण वाढायचं, तर काकू म्हणाली, "कदी मी वाढलंय, कदी न्हाई."

मग पेव. चुलतभाऊ आणि मी पहार लावून चिरा सरकवला. दिवसभर उघडं ठेवलं, संध्याकाळी मोबाइलची बॅटरी लावून बघायला निघालो तर काकूनं हटकलं आणि घरातून कंदील आणून दिला. दोरीनं सोडला. विझला नाही. तळाला दोन फूट माती ढासळलेली, भिंतीला सारवणाची बोटं अजून स्पष्ट, बाईच्या हाताची. ज्वारी अर्थातच नाही. कोपऱ्यात एक माप सापडलं, लाकडी, तळ फुटलेलं.

आत उतरलो नाही. चुलतभाऊ म्हणतो उन्हाळ्यात मुरूम टाकून बुजवू, गोठा वाढवायचाय. मी म्हटलं, शिवरात्रीपर्यंत थांब. सीनाकाठ, धनगराचा नंबर लागला का ते कळवा.